खेळाचा वेष आणि हाताचें काम

पालकसभेंत गेलीं कांहीं वर्षें एक प्रश्न न चुकतां विचारला जातो : "सर, मुलगा मोबाईलवर बंदुकीचे खेळ खेळतो. खेळूं द्यावें कीं नाहीं?" प्रश्न विचारणारे वडील बहुधा संकोचलेले असतात, आई रागावलेली असते, आणि ज्यांच्याविषयीं हें सर्व चाललेलें असतें ते चिरंजीव खिडकीबाहेर पाहत उभे असतात. उत्तर एका शब्दांत हवें असतें. "नको" म्हणावें तर पालकांचें समाधान होतें, परंतु मुलगा दुसऱ्याच दिवशीं मित्राच्या घरीं जाऊन खेळूं लागतो. "असूं द्या" म्हणावें तर मुलगा खूष होतो, परंतु शिक्षकानें आपलें काम अंगाबाहेर टाकलें असें होतें. सभेच्या गर्दींत याहून अधिक बोलतां येत नाहीं, म्हणून या वार्षिकाच्या पानांचा आश्रय घेतला आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. या खेळांची परीक्षा आपण त्यांच्या वेषावरून करतों : शत्रु कोण दाखविला आहे, रक्त किती सांडतें, भिंतीवर चिन्हें कोणतीं आहेत. खेळणाऱ्याचे हात दोन-दोन तास नेमकें काय करीत असतात, हें मात्र कोणी पाहत नाहीं. वेष एका दिवसांत बदलतां येतो, आणि तो अनेकदां बदललाही गेला आहे. हातांचें काम तेंच राहतें. हें समजून घेण्यास आजच्या मोबाईलवरील खेळांपेक्षां त्यांचे पूर्वज, म्हणजे १९७३ पासून १९९७ पर्यंतचे खेळ, अधिक उपयोगी आहेत; कारण त्यांची हकीगत आतां पुरती उघड झालेली आहे आणि त्यांच्याविषयीं कोणाचें डोकें तापलेलें नाहीं.

इंग्रजींत या प्रकाराला फर्स्ट-पर्सन शूटर म्हणतात. आपल्या व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर हा प्रथमपुरुषी नेमबाजीचा खेळ. बुद्धिबळांत आपण राजा हलवितों, परंतु आपण राजा नसतों. तो समोर पटावर उभा असतो. या खेळांत 'तो' नाहींच. पडद्यावर जें दिसतें तें 'मी' पाहतों, आणि पडद्याच्या खालच्या कडेला जी बंदूक धरलेली दिसते ती 'मी' धरलेली असते.

या प्रकारच्या अगदीं आरंभींच्या खेळांपैकीं एक १९७३ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांत, नासा या संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रांत जन्मला. शाळेचें शिक्षण चालू असतांच तेथें काम करणाऱ्या मुलांसाठीं एक योजना होती. तींतील स्टीव्ह कॉली या तरुणानें इम्लॅक नांवाच्या लहान संगणकावर एक चक्रव्यूह रेखाटला, आणि हॉवर्ड पामर व ग्रेग थॉम्प्सन यांनीं त्याला हातभार लावला. समोर भिंती, वळलें कीं नवी गल्ली, एवढाच प्रथम मामला होता. मग दोन संगणक तारेनें जोडून दोघे जण एकाच व्यूहांत हिंडूं लागले. आणि दोघे एका गल्लींत आले कीं एकानें दुसऱ्यावर गोळी झाडावी, ही कल्पना सुचण्यास फार वेळ लागला नाहीं. 'मेझ वॉर' असें त्याचें नांव पडलें. पुढें थॉम्प्सननें तो एम्‌.आय्‌.टी. या विद्यापीठांत नेला व तेथें एकाच वेळीं अनेक जण तो खेळूं लागले. त्याच्या एका नंतरच्या आवृत्तींत प्रतिस्पर्धी खेळाडू पडद्यावर एका मोठ्या डोळ्याच्या रूपानें दिसत असे. हात नाहीं, पाय नाहीं. गल्लीच्या टोकाला नुसता डोळा. या खेळांत माणसाचें किती उरतें आणि किती गळून जातें, याचें इतकें प्रामाणिक चित्र पुढच्या कोणत्याही खेळांत मला आढळलें नाहीं.

येथें एक आक्षेप आधींच घेऊन ठेवतों, कारण वरच्या वर्गांतील मुलें तो घेणारच. मरणें-मारणें खेळांत नवें आहे काय? आपल्या हुतूतूंतही गडी 'मरतो', बाहेर बसतो, आणि आपल्या पक्षानें समोरचा गडी 'मारला' कीं 'जिवंत' होऊन पुन्हां आंत येतो. यांत कोणाच्या आईनें कधीं अधर्म पाहिला नाहीं, आणि तें योग्यच आहे. म्हणून 'मारामारीचा खेळ' एवढ्या शब्दावरून न्याय करूं नये. परंतु हुतूतूंत हातांना काय करावें लागतें पाहा : दुसऱ्याचा खराखुरा घोटा धरावा लागतो, त्याचा जोर आपल्या मनगटाला कळतो, त्याचा दम सुटला कीं आपल्याला ऐकूं येतो, आणि खेळ संपल्यावर दोघांचेही गुडघे फुटलेले असतात. मेझ वॉरमध्यें एका बोटानें एक कळ दाबली जाते. दोन्ही ठिकाणीं 'मेला' हाच शब्द, काम निराळें. मी कांहीं कळ दाबणें हें पाप आहे असें म्हणत नाहीं. दोन्ही कामें एकच आहेत असें मात्र कोणी म्हणूं नये.

हा फरक सर्वांत आधीं ज्यांना नीट कळला त्यांत अशा खेळाचा एक कर्ताच होता. १९८० सालीं अटारी कंपनीनें 'बॅटलझोन' नांवाचा खेळ काढला. त्यांत हिरव्या रेषांनीं काढलेले डोंगर व रेषांचेच रणगाडे असत, आणि खेळणारा पेरिस्कोपसारख्या चौकटीला डोळे लावून उभा राही. अमेरिकन लष्कराच्या वतीनें कंपनीकडे विचारणा झाली : ब्रॅडली नांवाच्या चिलखती गाडीवरील तोफचींना शिकविण्यासाठीं हाच खेळ थोडा बदलून देतां येईल काय? खेळाचा कर्ता एड रॉटबर्ग याला हें रुचलें नाहीं. आपण लोकांच्या करमणुकीसाठीं खेळ करतों, लष्करासाठीं नव्हे, अशी त्याची भूमिका होती. अखेर असलें काम पुन्हां सांगितलें जाणार नाहीं या बोलीवर त्यानें तें १९८१ मध्यें पुरें करून दिलें. लष्कराचें काम वाईट, असें मला येथें सुचवावयाचें नाहीं. माझ्या ओळखीच्या कितीतरी सज्जन कुटुंबांतील मुलें सैन्यांत आहेत. मला दिसतें तें इतकेंच कीं, तोच पडदा व त्याच कळा शाळकरी मुलाला करमणूक आणि शिपायाला कवायत म्हणून देतां येतात, हें त्या माणसाला स्पष्ट दिसलें आणि तें त्याला खटकलें.

आतां वेषाच्या गोष्टीकडे वळूं. ५ मे १९९२ रोजीं इड सॉफ्टवेअर या अमेरिकन मंडळीचा 'वुल्फेन्स्टाईन थ्री-डी' प्रसिद्ध झाला. नाझींच्या किल्ल्यांतून सुटूं पाहणारा एक कैदी, आणि वाटेंत आडवे येणारे पहारेकरी व त्यांचे कुत्रे. खेळाची रचना आज पाहतां अगदीं साधी आहे. भिंती सर्व काटकोनांत, सारख्या उंचीच्या, जमीन सपाट. पडद्याच्या प्रत्येक उभ्या पट्टीसाठीं संगणक डोळ्यापासून एक किरण सोडी, तो कोणत्या भिंतीला किती अंतरावर लागतो तें मोजी, आणि त्या मानानें भिंतीची पट्टी लहान किंवा मोठी रंगवी. भूमितीच्या तासाला "याचा उपयोग काय?" म्हणून विचारणाऱ्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें. पडद्याच्या तळाशीं नायकाचा एक लहानसा चेहरा असे; मार बसेल तसा तो रक्तानें माखत जाई. ज्याला मारलें त्याचा चेहरा मात्र क्षणांत नजरेआड.

हाच खेळ १९९४ मध्यें निन्टेन्डो कंपनीच्या घरगुती यंत्रावर आला, तेव्हां मुलांच्या यंत्रावर असें चित्र नको म्हणून त्यांत फेरफार झाले. रक्ताचा रंग जाऊन तेथें घाम आला. नाझी चिन्हें काढलीं, हिटलरला दुसरें नांव दिलें, आणि कुत्र्यांच्या जागीं मोठाले उंदीर आणले. कुत्र्यावर गोळी झाडणें अनुचित आणि उंदरावर उचित, हा धर्मशास्त्राचा कोणता अध्याय आहे मला ठाऊक नाहीं. माणसांवर गोळ्या झाडण्याचें काम पूर्वीं होतें तसेंच चालू राहिलें. त्याच वर्षीं जर्मनींत या खेळाचीं साधनें नाझी चिन्हांवरून जप्तीस पात्र ठरलीं. त्या देशाचा इतिहास पाहतां त्या चिन्हांची त्याला भीति वाटावी हें रास्त आहे, आणि मी त्या निर्णयाला हसणार नाहीं. परंतु ती मनाईही चिन्हाला होती, कामाला नव्हती.

याच सालांतील एक तिसरी गोष्ट आपणां ख्रिस्ती मंडळींना जवळची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतों. अमेरिकेंत विस्डम ट्री नांवाची एक कंपनी बायबलांतील कथांवर खेळ काढीत असे. तिनें वुल्फेन्स्टाईनची रचना परवाना घेऊन उचलली आणि त्यावर 'सुपर थ्री-डी नोहाज आर्क' हा खेळ बसविला. निन्टेन्डोचा परवाना नसल्यामुळें यंत्र तो एकट्यानें चालूं देत नसे. म्हणून त्याच्या डोक्यावर दुसऱ्या एका परवानाधारक खेळाचें काडतूस खोंचण्याची युक्ति केलेली होती. बायबलचा खेळ आणि दाराशीं दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून आंत शिरणें! पण तें असो. खेळांत नोहा तारवांत फिरतो. बकऱ्या, मेंढ्या आणि इतर जनावरें बिथरून त्याच्या अंगावर येतात. नोहाच्या हातीं बेचकी आहे. तिनें तो त्यांच्यावर चारा झाडतो, पोट भरलें कीं जनावर झोंपीं जातें. मधून मधून पवित्र शास्त्रावरील प्रश्नही येतात.

पालक हो, वेष पाहिला तर यापरता निर्दोष खेळ सांपडणार नाहीं. रक्त नाहीं, बंदूक नाहीं, मरण नाहीं, आणि नायक तर पुराणपुरुष. परंतु खेळणाऱ्या मुलाच्या मागें उभे राहून त्याचे हात पाहा. वळ, नेम धर, झाड. वळ, नेम धर, झाड. पहारेकऱ्याच्या जागीं बकरी आली, गोळीच्या जागीं चारा आला, 'मेला'च्या जागीं 'झोंपला' आलें. बोटाला यांतला कोणताही फरक कळण्याचें कारण नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत नोहाला काय काम सांगितलें आहे? मोजमाप घेऊन तारूं बांधावयाचें, आंतून-बाहेरून डांबर लावावयाचें, जनावरांच्या जोड्या गोळा करावयाच्या, आणि स्वतःसाठीं व त्यांच्यासाठीं अन्नाचा सांठा करावयाचा. सुताराचें, गुराख्याचें आणि कोठीवाल्याचें हें काम. त्यांतलें एकही काम हा खेळ मुलाच्या हाताला देत नाहीं. फेंकून मारण्याचें साधन शास्त्रांत दाविदाच्या हातीं आहे, तें या मंडळींनीं नोहाच्या हातीं दिलें. हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. परंतु भक्तिपर चित्र पाहून निश्चिंत होणारा बाप आणि रक्ताचें चित्र पाहून संतापणारा बाप, हे दोघेही पुस्तकाचें वेष्टनच वाचतात.

वेष्टन वाचण्याची ही संवय राज्यकर्त्यांनाही सुटत नाहीं. ९ डिसेंबर १९९३ रोजीं अमेरिकेच्या सिनेटपुढें खेळांतील हिंसेविषयीं मोठी सुनावणी झाली. चर्चा चालली होती ती 'मॉर्टल कॉम्बॅट' व 'नाईट ट्रॅप' या दोन खेळांची. दुसऱ्याच दिवशीं, १० डिसेंबरला, इड मंडळीनें 'डूम' हा खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवला, आणि तो उतरवून घेण्यासाठीं एवढी झुंबड उडाली कीं तो संगणक ताणाखालीं बंद पडला. सुनावणीचें फळ म्हणून १९९४ मध्यें खेळांवर वयाचे शिक्के मारणारें एक मंडळ तेथें स्थापन झालें, तें आजही काम करीत आहे. कॅलिफोर्नियानें पुढें अल्पवयी मुलांना हिंसक खेळ विकण्यास बंदी करणारा कायदा केला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं रद्द ठरविला. आपल्याकडेही सप्टेंबर २०२० मध्यें त्याच वंशांतील 'पबजी मोबाईल' बंद झाला तेव्हां अनेक घरांतून सुटकेचा निःश्वास ऐकूं आला. परंतु ती बंदी माहितीच्या व देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून होती, आणि पुढच्याच वर्षीं जवळजवळ तोच खेळ नवें नांव धारण करून परत आला. पुन्हां वेषच.

'डूम'विषयीं बोलल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होत नाहीं. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो आणि त्यांचे मूठभर सोबती यांनीं केलेल्या या खेळांत राक्षस आहेत, नरक आहे, रक्त तर आहेच. ख्रिस्ती पालकांना त्याचें नांवही नको वाटतें. मला स्वतःला त्यांतील राक्षसांचें भय वाटत नाहीं. ते राक्षस म्हणूनच दाखविलेले आहेत, कोणी त्यांची पूजा करा म्हणत नाहीं. मला त्यांत दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे तीच जुनी : वळ, नेम धर, झाड. दुसरी मात्र वेगळी आहे, आणि तिच्यासाठींच हा लेख मुलांनींही वाचावा अशी माझी इच्छा आहे.

डूममध्यें भिंती वाटेल त्या कोनांत वळतात, जमिनी खालीं-वर होतात, कांहीं खोल्या उजेडाच्या तर कांहीं अंधाराच्या आहेत. तरी पण आंतली मांडणी कागदावरील सपाट नकाशाचीच आहे : बिंदु, बिंदूंना जोडणाऱ्या रेषा, रेषांनीं वेढलेलीं क्षेत्रें, आणि प्रत्येक क्षेत्राच्या जमिनीची व छताची उंची. म्हणून त्या जगांत माडी नाहीं. एका खोलीवर दुसरी खोली बसूंच शकत नाहीं. ती अडचण खऱ्या अर्थानें १९९६ सालच्या 'क्वेक' खेळानें दूर केली. मग जवळची भिंत कोणती व दूरची कोणती हें संगणकानें त्वरित ठरवावें कसें? कारमॅकनें १९८० सालीं प्रसिद्ध झालेली एक गणिती रीति उपयोगांत आणली. नकाशा एका रेषेनें दोन भागांत कापावा; त्यांतला प्रत्येक भाग पुन्हां कापावा; असें करीत लहान लहान तुकडे होईपर्यंत जावें, आणि हें सर्व काम खेळ सुरू होण्यापूर्वींच करून ठेवावें. खेळतांना मग आपण रेषेच्या कोणत्या बाजूला उभे आहों एवढेंच विचारीत गेलें कीं भिंतींचा क्रम आपोआप हातीं येतो. इतकी सुंदर युक्ति मीं वर्गांत फळ्यावर काढून दाखविली तेव्हां, नेहमीं मागच्या बाकावर झोंपणारे दोघे पुढें येऊन उभे राहिले.

आणि या मंडळींनीं आणखी एक गोष्ट केली. खेळ चालविणारें यंत्र एकीकडे आणि नकाशे, चित्रें, आवाज हें सर्व सामान निराळ्या पेटींत, अशी त्यांनीं वांटणी केली, म्हणजे कोणालाही ती पेटी बदलून आपला नकाशा घालतां यावा. १९९४ च्या आरंभींच न्यूझीलंडमधील ब्रेंडन वायबर यानें इतर देशांतील सोबत्यांच्या साह्यानें नकाशे काढण्याचें एक साधन तयार करून फुकट वांटलें. १९९७ च्या डिसेंबरांत तर इड मंडळीनें डूमच्या यंत्राची मूळ लिखित संहिताच जगापुढें उघडी केली. हजारों मुलें खेळणारीं होतीं, त्यांतील कांहीं रचणारीं झालीं. पुढें १९९९ मध्यें 'हाफ-लाईफ' या खेळांत असेच फेरफार करून दोन तरुण विद्यार्थ्यांनीं 'काउंटर-स्ट्राईक' तयार केला. आमच्या पिढीच्या तरुणांनीं पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंतून तासाच्या भाड्यानें खेळला तोच हा. नकाशा रचणाऱ्या मुलाचे हात पाहा : तो मोजतो, पुसतो, पुन्हां काढतो, दुसऱ्याला येथें वाट सांपडेल कीं नाहीं याचा विचार करतो. पडदा तोच, राक्षसही तेच. काम अगदीं निराळें.

एवढें लिहून मी थांबलों असतों तर लेख गोड झाला असता. परंतु एक कटु गोष्ट मला लपवितां येत नाहीं. २० एप्रिल १९९९ रोजीं अमेरिकेंत कोलंबाईन येथील हायस्कुलांत दोन विद्यार्थ्यांनीं आपल्या सोबत्यांची व एका शिक्षकाची हत्या केली. ते दोघे डूम खेळत असत. आणि त्यांतील एकानें डूमचे नकाशेही रचले होते. म्हणजे रचणारा हातही राखला जातोच असें नाहीं. त्या प्रसंगावरून खेळ काढणाऱ्या कंपन्यांवर दावा लावण्यांत आला, तो २००२ सालीं न्यायालयानें फेटाळला. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघानें २०२० मध्यें जें मत जाहीर केलें त्यांत म्हटलें आहे कीं, अशा खेळांचा संबंध आरडाओरड, ढकलाढकली यांसारख्या आडदांडपणाशीं थोडा दिसतो; प्रत्यक्ष प्राणघातक हिंसेशीं तो जोडण्यास मात्र पुरावा पुरेसा नाहीं. ज्या बापांना "खेळानेंच मुलें खुनी होतात" असें म्हणावयाचें असेल त्यांना या मतांत आधार नाहीं. आणि ज्या मुलांना "खेळानें कांहींच होत नाहीं" असें म्हणावयाचें असेल त्यांनाही नाहीं. घरांत भावाला ढकलणें, हांक मारली असतां ओरडणें, हें ज्या आईनें पाहिलें आहे तिला त्या संघाचें मत वाचण्याचीही गरज नाहीं.

हाताच्या कामाचा विचार अगदीं अनपेक्षित ठिकाणींही झालेला दिसतो. १९९६ सालीं अमेरिकेच्या मरीन दलानें 'डूम'च्या दुसऱ्या भागांत फेरफार करून राक्षसांच्या जागीं शिपाई घातले आणि चार-चार जणांच्या तुकड्यांना त्यावर बसविलें. बंदूक चालविण्यास ती कळ शिकवीत नाहीं, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. त्यांना हवें होतें तें चौघांनीं एकमेकांशीं बोलून, एकमेकांना सांभाळून पुढें सरकणें. वेष बदलला तो केवळ सोयीसाठीं. खरा बदल त्यांनीं कामांत केला. खेळाची परीक्षा कशी करावी हें त्या दलाला कित्येक पालकांपेक्षां अधिक समजलें होतें, असें म्हटलें तर कोणी रागावूं नये.

दुसरें उदाहरण 'गोल्डनआय' या १९९७ सालच्या खेळाचें. जेम्स बाँडच्या चित्रपटावरून इंग्लंडांतील रेअर कंपनीनें तो तयार केला. निन्टेन्डोचे प्रख्यात खेळकर्ते शिगेरु मियामोतो यांना त्यांत जवळून मारणें फार आहे असें वाटलें, आणि त्यांनीं सूचना केली कीं, खेळ संपल्यावर खेळाडूनें इस्पितळांत जावें आणि ज्यांना ज्यांना गोळ्या घातल्या त्या सर्वांशीं हस्तांदोलन करावें. ही हकीगत खेळाचे प्रमुख कर्ते मार्टिन हॉलिस यांनींच पुढें सांगितली आहे. सूचना मानली गेली नाहीं. सिनेमाच्या अखेरीस पात्रांचीं नांवें दाखवितात तशी एक यादी मात्र शेवटीं घालण्यांत आली, म्हणजे हें सर्व नाटक होतें हें कळावें. मला ती न मानलेली सूचना राहून राहून आठवते. हुतूतू संपल्यावर आपलीं मुलें दुसरें काय करतात? एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नळावर पाणी पिण्यास जातात.

तेव्हां पालकांना माझें सांगणें आहे कीं, मोबाईल हिसकावून घेण्यापूर्वीं अर्धा तास मुलाच्या शेजारीं बसावें. पडद्याकडे कमी आणि त्याच्या बोटांकडे अधिक पाहावें. अर्ध्या तासांत तो कोणाशीं बोलला, कांहीं रचलें काय, कांहीं शोधून काढलें काय, कीं एकच बोट एकाच कळीवर आपटत राहिलें, हें आपल्यालाच दिसेल, आणि मग काय करावें हें मला विचारण्याची गरज उरणार नाहीं. वयाचे शिक्केही अवश्य पाहावेत; अमेरिकेंतील मंडळानें 'डूम'वर सतरा वर्षें व त्यावरील वयासाठीं असा शिक्का मारला आहे. जर्मनींत १९९४ पासून २०११ पर्यंत तो मुलांसाठीं धोकादायक अशा खेळांच्या यादींत होता, आणि त्यानंतरही तेथें सोळा वर्षांखालील मुलांना तो देत नाहींत. मग आठवीच्या मुलाच्या हातीं त्याचे आजचे वंशज निर्धास्तपणें द्यावेत, हें मला पटत नाहीं, आणि यांत मुलांनीं माझ्यावर रुसण्यासारखें कांहीं नाहीं.

वरच्या दोन वर्गांतील ज्या मुलांना खेळण्यापेक्षां नकाशा रचून पाहण्याची खरोखरी इच्छा असेल, त्यांच्यासाठीं शनिवारीं शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलींत एक तास ठेवण्याचें योजिलें आहे. आरंभ आपल्याच शाळेच्या इमारतीपासून करूं. तळमजला तेवढा काढतां येईल, वरचा मजला कां काढतां येणार नाहीं हें वर सांगितलेंच आहे. येतांना घरून अनुमतीची चिठ्ठी, चौकटींची वही, पट्टी आणि खोडरबर आणावें.